परतीची वेळ



कार्तिकी पौर्णिमा झाली की चार महिने एका ठिकाणी स्थिरावलेले साधू-साध्वी पुन्हा विहाराला निघतात. पहाटेच्या अंधारात त्यांच्यासोबत चार-सहा किलोमीटर चालून परतणारी आणि मग वेळेवर दुकानाचे शटर वर करणारी मंडळी आपल्या चिंचवडमध्ये पुष्कळ आहेत. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत पायी जावे, रात्री कोणाच्या तरी छपराचा आधार घ्यावा, सूर्यास्तापूर्वी ठिकाणावर पोचावे, ही रीत आपल्याला नवी नाही. तरीही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदाच पाठीवर पिशवी घेऊन असे तीन दिवस डोंगरात चालायला निघालो आणि ते चालणे पुरे करू शकलो नाही. या वेळचा लेख त्या अपुऱ्या चालण्याविषयी आहे.

निमित्त घरातलेच होते. आमचे हार्डवेअरचे दुकान चिंचवड स्टेशनजवळ, वडिलांनी थाटलेले. अडीच वर्षांपूर्वी आम्ही चाकणला दुसरे दुकान काढले. नट-बोल्ट, बेअरिंग, कटिंग व्हील, हातमोजे असा माल तेथल्या कारखान्यांना दाराशी मिळावा, हा विचार मुळात वाईट नव्हता. उद्घाटनाला सारा समाज बोलावला होता. दुकान मात्र चालले नाही. मोठे कारखाने वर्षभराचे करार थेट उत्पादकांशी करतात आणि लहान वर्कशॉपवाले तीन-तीन महिन्यांची उधारी मागतात, हे आम्हाला फार उशिरा उमगले. दिवाळीच्या वहीपूजनाआधी चिरंजीव मला म्हणाला, “पप्पा, चाकणचं दुकान बंद करू या.” मी उत्तर दिले, “इतकं घातलंय त्यात, आता बंद करायचं?” तो पुढे काही बोलला नाही. त्यानंतर आमचे बोलणे मालाच्या ऑर्डरी आणि चेकवरच्या सह्या एवढ्यापुरतेच उरले.

माझ्या मातोश्रींच्या नजरेतून असे काही सुटत नाही. एके दिवशी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले, “पौर्णिमा झाली की दोघं कुठंतरी जाऊन या. माझ्या समोर तोंडं फिरवून जेवू नका.” चिरंजीव कॉलेजपासून डोंगर हिंडणारा. त्याने रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट सुचवली. आपल्या पट्ट्यात गुरुवार सुट्टीचा वार. त्याला शुक्रवार-शनिवार जोडून आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस निघालो.

युरोपात आल्प्स पर्वतात गिर्यारोहण मंडळांनी ठिकठिकाणी निवास बांधलेले आहेत. दिवसभर चालावे, संध्याकाळी अशा निवासात गरम जेवण आणि अंथरूण घ्यावे, सकाळी पुढच्या निवासाकडे निघावे, अशी तेथील जुनी प्रथा. आपल्या सह्याद्रीत तसे निवास नाहीत. ते काम गावातली घरे करतात. अकोले तालुक्यात रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही गावे डोंगरवाटांनी एकमेकांना जोडलेली आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. बरीच घरे कौलारू, जमीन शेणाने सारवलेली, अंगणात भाताचे खळे. पाहुण्याला जेवण आणि झोपायला पडवी मिळते, तेवढ्याच त्या घराच्या हाती चार पैसे पडतात. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. १९८६ साली ते जाहीर झाले. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे कळसूबाई, याच परिसरात आहे.

आमचा बेत सरळ होता. पहिल्या दिवशी रतनगड पाहून रतनवाडीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत. तिसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, आणि पायथ्याला परत येऊन गाडीने घर. गाडी रतनवाडीला सोडून चालक राजूरला थांबणार होता आणि शनिवारी आम्हाला न्यायला पाचनईला येणार होता.

गुरुवारी पहाटे चारला निघालो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि मग चाकण. रस्त्याकडेच्या आमच्या दुकानाची पाटी दिव्याच्या उजेडात क्षणभर दिसली. चिरंजीव खिडकीतून बाहेर पाहत होता, मी समोर. दोघांपैकी कोणीच काही बोलले नाही. पुढे नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठाकाठाने साडेनऊच्या सुमारास रतनवाडी गाठली.

पहिला दिवस निर्विघ्न गेला. प्रवरेचा उगम रतनगडावरचा. गावातून निघालेली वाट त्या ओढ्याच्या संगतीने जंगलात शिरते. मध्ये एक फाटा फुटतो. एक वाट गडाकडे चढते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे जाते. गडाच्या कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. त्या चढून गणेश दरवाजातून आत गेलो, आणि माथ्यावरच्या नेढ्यात जाऊन बसलो. नेढे म्हणजे डोंगराच्या भिंतीला वाऱ्या-पावसाने पाडलेले आरपार भोक. तेथून एका बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई, खाली जलाशयाचे पाणी, दुसऱ्या बाजूला एकदम तुटून खाली गेलेले कोकण. हवा इतकी स्वच्छ होती, की पावसाचा विचारही मनाला शिवला नाही.

आमचे वाटाडे रतनवाडीचेच, साठीच्या घरातले. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो, ते मला शेठ. संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या घरी पोचलो. सूर्यास्तानंतर आम्ही काही घेत नाही आणि कंदमुळे खात नाही, हे चिरंजीवाने आधीच कळवले होते. मामींना त्याचे काहीच अवघड वाटले नाही. “आमच्याकडंबी एकादशीला कांदा-लसूण नसतो,” असे म्हणून त्यांनी नागलीची भाकरी, उडदाचे वरण, भात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. पाणी उकळून, गाळून हंड्यात भरून ठेवले. उजेड होता तोवर जेवणे आटोपली.

जेवणानंतर चुलीपाशी दुसऱ्या दिवसाचे बोलणे निघाले. हवामान खात्याने शुक्रवार-शनिवारी विजांसह तुरळक पावसाची शक्यता वर्तवली होती. चिरंजीवाने ते मामांना सांगितले. मामा बाहेर अंगणात गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, “थंडीचे दिवस आहेत, अन् वारं गार न्हाई. कोकणाकडनं ऊब येतीय. उद्या अकरा वाजेपर्यंत आपण खिंडीत पायजे. अकराला न्हाई पोचलो, तर जिथं असू तिथनं मागं फिरायचं. कबूल?”

मी लगेच कबूल म्हटले. चुलीच्या उबेत बसून, दुसऱ्या दिवशीच्या अकरा वाजण्याला कबूल म्हणायला काय लागते!

शुक्रवारी सातला निघालो. पहिला तास बरा गेला. फाटा ओलांडून खिंडीच्या वाटेला लागलो आणि माझ्या उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला. कपाटात चार वर्षे पडून राहिलेले बूट मी नवे समजून घातले होते. वापर नसला तरी काळाने गोंद सुकतो, तळवा ठिसूळ होतो, ही गोष्ट रबर आणि गोंद विकणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवी होती. दुकानात रोज खोक्यांनी विकतो ती चिकटपट्टी माझ्याजवळ नव्हती. मामांनी पिशवीतून सुतळी काढून बूट बांधून दिला. दहा मिनिटांत ती झिजून तुटली. पुन्हा बांधला. असे चार-पाच वेळा झाले. त्यातच दुसऱ्या बुटानेही मान टाकली. पाऊण तास तेथेच गेला, आणि पुढची चालही मंदावली.

साडेदहाच्या सुमारास झाडांच्या फटीतून मी प्रथम ढग पाहिले. आपण शहरात ढग डोक्यावरून येताना पाहतो. येथे ते खालून आले. कोकणातली दमट, उबदार हवा सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. कड्याच्या कडेवरून पांढरा लोट वर येत होता, आणि पाहता पाहता त्याचा तळ काळवंडत गेला. आजोबाच्या डोंगराच्या बाजूला एकदा चमकले. चिरंजीव हळू आवाजात आकडे मोजू लागला. एकविसाव्या आकड्याला गडगडाट ऐकू आला.

“सात किलोमीटर,” तो म्हणाला. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो; म्हणून मोजलेल्या सेकंदांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर उघड्यावर थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आडोसा सोडू नये, असा नियम आहे. पुढच्या विजेला त्याने बारापर्यंत मोजले.

मामांनी घड्याळ माझ्यापुढे धरले. अकराला पाच मिनिटे होती. खिंड अजून तासाभराच्या चढावर होती. “शेठ, आता मागं.”

वाचकहो, पुढची दहा मिनिटे मी कसा वागलो ते लिहिताना आज संकोच वाटतो. मी म्हणालो, इतके चढून आलो आहोत, तासाभरासाठी काय मागे फिरायचे! कुमशेतच्या घरी निरोप गेला आहे, स्वयंपाकाचे पैसे पोचले आहेत. गाडी उद्या पाचनईला येणार आहे. घरी, दुकानात, शेजारी, सगळ्यांना सांगून निघालो आहे. शेवटी मी खिशात हात घालून म्हटले, “मामा, हजार रुपये जास्त घ्या, पण खिंड दाखवा.”

मामा रागावले नाहीत. ते म्हणाले, “पैशाचं न्हाई शेठ. वरच्या चढाला उघडा कातळ आहे. तिथं इज आली, तर मी तुम्हाला कुठं लपवू?”

मी चिरंजीवाकडे पाहिले. तो माझी बाजू घेईल, असे मला का वाटले कोणास ठाऊक. तो म्हणाला, “पप्पा, काल तुम्ही कबूल म्हणाला होता.” परक्या माणसासमोर त्याने मला असे बोलण्याची ही पहिलीच वेळ. मी काही न बोलता वळलो आणि उतरू लागलो.

उतरताना पाऊस आला. टपोरे, तिरपे थेंब. त्यात वाऱ्याची झोड. अंगातला सुती सदरा पाच मिनिटांत भिजून अंगाला चिकटला आणि पहाटे नकोसा वाटणारा उकाडा कोठल्या कोठे गेला. दात वाजू लागले. मामांनी आम्हाला एकाच मोठ्या झाडाखाली थांबू दिले नाही. सारख्या उंचीच्या झाडीतून, एकमेकांत अंतर ठेवून, ते आम्हाला खाली नेत राहिले. दोन वाजता आम्ही त्यांच्या पडवीत होतो.

आणि साडेतीनला ऊन पडले. धुतल्यासारखे निळे आभाळ, कौलांवरून निथळणारे पाणी आणि खिंडीच्या बाजूला ढगाचा मागमूसही नाही. मी पडवीत उभा राहून मोठ्याने म्हणालो, “पाहा! आपण पार झालो असतो. आता कुमशेतमध्ये चहा घेत बसलो असतो.”

मामा माझे बूट चुलीपासून हातभर अंतरावर वाळत ठेवत होते. वर न पाहताच ते म्हणाले, “झालोबी असतो शेठ. पण ते नशिबानं. हिशेबानं न्हाई.”

आयुष्यभर हिशेबावर पोट भरलेल्या माणसाला ते वाक्य लागले. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो आणि प्रथमच शांतपणे विचार केला. दुपारी ऊन पडले म्हणून अकरा वाजताचा निर्णय चुकीचा ठरत नाही. अकराला आमच्यापुढे जे होते त्यात बारा सेकंदांवरची वीज होती, उघडा कातळ होता आणि माझे सुतळीने बांधलेले बूट होते. तेवढ्यावरून जे ठरवायला हवे होते, तेच मामांनी ठरवले. धंद्यातही आपण असे करतो. उधारीवर दिलेला मोठा माल नशिबाने वसूल झाला, की ती आपली हुशारी म्हणून सांगतो. आणि सावधपणे सोडलेला सौदा दुसऱ्याला फळला, की स्वतःला मूर्ख म्हणवून घेतो. निकाल पाहून निर्णयाला किंमत लावायची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे.

सूर्यास्तापूर्वी जेवणे झाली. अंधारात चुलीपाशी बसल्यावर चिरंजीव आपणहून बोलू लागला. तो म्हणाला, उंच पर्वतांवर जाणारे लोक निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवतात. त्या घटकेला शिखर किती जवळ आहे, हा प्रश्न विचारायचा नाही. वेळ झाली की वळायचे. कारण शिखर दिसू लागल्यावर माणसाची बुद्धी त्याची स्वतःची राहत नाही. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर नेपाळच्या बाजूने चढणाऱ्या तुकड्यांत दुपारी एक, फार तर दोन वाजता परतायचे असे आधी बोलणे झाले होते. अनेक जण दोननंतरही चढत राहिले. संध्याकाळी वादळ आले, आणि पर्वताच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. तिबेटच्या बाजूने चढलेले भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे आपले तीन जवान त्यांत होते. त्याच महिन्यात, ३ मे रोजी, योरान क्रॉप हा स्वीडनचा गिर्यारोहक एव्हरेस्टचे शिखर सुमारे शंभर मीटरवर दिसत असताना मागे फिरला होता. तो तर स्वीडनहून नेपाळपर्यंत सायकलने आला होता. त्याच्याइतके ‘इतके घातले आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असणार! २३ मे रोजी तो पुन्हा चढला आणि शिखरावर पोचला.

चिरंजीव बोलत होता एव्हरेस्टविषयी. मी ऐकत होतो चाकणविषयी. मला वाटते, त्यालाही ते ठाऊक होते.

त्या रात्री मला मातोश्रींचे एक जुने बोलणे आठवले. लहानपणी त्या मला श्रावकाची बारा व्रते समजावून सांगत. त्यांतल्या दिशापरिमाण व्रताचे मला हसू येई. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा घरी बसून आधीच घालून घ्यायची, याला काय अर्थ, असे मी विचारी. त्या व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी म्हणतो: वरच्या दिशेची मर्यादा ओलांडणे, खालच्या दिशेची ओलांडणे, आडव्या दिशांची ओलांडणे, एका दिशेचे अंतर कमी करून दुसरीकडे क्षेत्र वाढवून घेणे, आणि ठरवलेली मर्यादा विसरणे. पन्नास वर्षे म्हणत आलेल्या या ओळींचा अर्थ मला रतनवाडीच्या पडवीत लागला. चुलीपाशी दिलेला शब्द मी चढावर विसरलो, तो पाचवा अतिचार. आणि चिंचवडच्या दुकानाचा नफा दर महिन्याला गुपचूप चाकणच्या खात्यात वळवून तेथले नुकसान झाकत होतो, तो चौथा. चाकणचे दुकान उघडताना आम्ही जागा पाहिली, मुहूर्त पाहिला, पाटीचा रंग ठरवला. परत कधी फिरायचे, ते मात्र ठरवले नाही.

मी चिरंजीवाला विचारले, “चाकणला दर महिन्याला नक्की किती जातात?” त्याने कागद न काढता आकडा सांगितला. दुकानाचे भाडे, दोन माणसांचे पगार, बँकेचे व्याज; सारे त्याला तोंडपाठ होते. दिवाळीपूर्वीही तो हेच सांगू पाहत होता. मी ऐकले नव्हते.

“लगेच बंद करू या, असं माझं म्हणणं नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला अजून आशा असेल, तर तुम्ही म्हणाल ती तारीख धरू. पण आज धरू.”

आम्ही ३१ मार्च धरली. तोवर सलग तीन महिने चाकणच्या दुकानाने स्वतःचे भाडे, पगार आणि व्याज स्वतः भागवले, तर ते चालू ठेवायचे. नाही भागवले, तर त्या दिवशी बाजारात कितीही तेजीची वार्ता असो, कुलूप लावायचे. चिंचवडच्या खात्यातून मध्ये एक रुपयाही तिकडे वळवायचा नाही. दोन्ही कामगारांना आधी सांगायचे, आणि दुकान मिटले तर त्यांना चिंचवडमध्ये सामावून घ्यायचे. मामा अंथरुणावर पडून ऐकत होते. त्यांना चाकणचे काही ठाऊक नव्हते. तरी ते अंधारातून म्हणाले, “तारीख ठरली ना? मग झोपा आता.”

शनिवारी पहाट थंड आणि स्वच्छ उगवली. चालकाला निरोप पोचवून गाडी रतनवाडीलाच बोलावली. ती येईपर्यंत गावातले अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आणि त्याची पुष्करणी पाहिली. दगडात केलेले कोरीवकाम पाहत चिरंजीव माझ्याशी बोलत होता, आणि ते बोलणे दुकानाचे नव्हते. कित्येक महिन्यांनी असे घडत होते. कात्राबाईची खिंड मात्र मी पाहिलेली नाही. हरिश्चंद्रगडही नाही. १४२९ मीटरची तारामती, केदारेश्वराच्या गुहेतले गार पाणी, कोकणकड्याची ती प्रसिद्ध अर्धगोल कडा, सारे चिरंजीवाच्या फोनमधल्या छायाचित्रांतच पाहिले.

घरी परतल्यावर मातोश्रींनी एवढेच विचारले, “पोचलात का?” मी म्हणालो, “नाही, मागे फिरलो.” त्या म्हणाल्या, “मग बरं झालं. पाय धुऊन घे.”

कोणी वाचक या वाटेने जाऊ इच्छित असतील, तर चार गोष्टी अनुभवातून सांगतो. एक, वाटाड्या गावचाच घ्यावा आणि परतीच्या वेळेचा अंतिम शब्द त्याचा, हे निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष मान्य करावे. दोन, जुने बूट वर्षभर पडून असतील, तर निघण्याच्या आठवडाभर आधी ते घालून रोज चालून पाहावे. सुतळी आणि चिकटपट्टी जवळ ठेवावी. तीन, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही अवकाळी पाऊस येतो, म्हणून कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि भिजल्यावर थंडी धरणारे सुती कपडे चढावर टाळावेत. चार, आपला सूर्यास्ताचा नियम डोंगरात अडचणीचा ठरेल अशी भीती बाळगू नये. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो; त्यापूर्वी जेवायचे म्हणजे पाचपर्यंत छपराखाली यावेच लागते. अंधारात वाट चुकण्याची वेळ त्यामुळे आमच्यावर आली नाही. खाकरे, सुखडी बरोबर ठेवावी. पण घरच्या मामींची नागलीची भाकरी चुकवू नये, आणि तिचे पैसे देताना घासाघीस करू नये.

हा लेख आपल्या हाती पडेल तेव्हा ३१ मार्च यायला अजून अवकाश असेल. डिसेंबरची विक्री थोडी बरी आहे. त्यामुळे माझे मन आतापासूनच कुरकुर करू लागले आहे, की तारीख जून अखेरपर्यंत पुढे ढकलावी. म्हणून ती तारीख मी येथे, आपणा सर्वांसमक्ष, छापून ठेवतो आहे. एप्रिलमध्ये भेट झाली, तर मला चाकणविषयी अवश्य विचारा. जानेवारीत आम्ही दोघे पुन्हा रतनवाडीला जाणार आहोत. बूट नवे घेतले आहेत. मामांनी फोनवर वेळ सांगितली आहे: अकरा.